धानोऱ्याची आयात आणि निर्यात

दर महिन्याच्या मध्यास दिल्लीचें वाणिज्य मंत्रालय देशाच्या मागील महिन्याच्या व्यापाराचे आंकडे प्रसिद्ध करतें. किती डॉलरांचा माल परदेशीं गेला, किती डॉलरांचा इकडे आला, आणि दोहोंमधील तूट वाढली कीं घटली, यावर दुसऱ्या दिवशीं सर्व वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. हे आंकडे गोळा करण्यासाठीं कलकत्त्यास एक स्वतंत्र महासंचालनालय आहे. बंदरोबंदरींचा माल तेथें महिन्यावारी व जिनसवारी मांडला जातो. देशाचा जमाखर्च असा दरमहा चव्हाट्यावर येतो ही गोष्ट चांगलीच होय. ज्याचा हिशेब नाहीं त्याचा कारभारही नाहीं, हें आमच्या जुन्या दप्तरदारांना पक्कें ठाऊक होतें. परंतु हे आंकडे वाचतांना आमच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहतो. देशाचा हिशेब ठेवला जातो; पण देश ज्या खेड्यापाड्यांचा बनला आहे त्यांचा हिशेब कोण ठेवतो? गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांतून गेल्या वैशाखांत काय गेलें, आणि श्रावणांत तेथें काय आलें, हें कोणत्या सरकारी पुस्तकांत पाहावयास मिळेल?

हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. गडचिरोली जिल्हा सन १९८२ सालीं जुन्या चांदा जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग जंगलाखालीं आहे. धानोरा हा त्यांतील गोंडवस्तीचा तालुका. गडचिरोलीहून पूर्वेस मुरूमगांवावरून छत्तीसगडकडे जाणारी सडक हीच त्याची मोठी वाट. राज्यशास्त्राच्या दृष्टीनें हा एक तालुका असला, तरी व्यापाराच्या दृष्टीनें तो एक लहानसा देशच आहे. तो जगाला कच्चा माल देतो, आणि जगाकडून पक्का माल घेतो. झांबियाचें तांबें, घानाचा कोको, तसें धानोऱ्याचें तेंदूपान, मोहफूल, बांबू आणि धान. फरक इतकाच, कीं झांबियाची जकातचौकी आहे आणि तिची वही आहे. धानोऱ्याच्या नाक्यावरून जाणाऱ्या ट्रकांची व्यापारी वही कोणाजवळच नाहीं. ती वही आज आम्ही वाचकांपुढें मांडण्याचा यत्न करणार आहों. रुपये-आण्यांचे आंकडे आम्ही मनचे घालणार नाहीं. परंतु कोणत्या महिन्यांत कोणता जिन्नस कोणत्या दिशेनें जातो, हें तेथील आठवडी बाजारांत दोन घटका उभा राहणाऱ्या कोणासही दिसण्यासारखें आहे.

या देशाच्या व्यापारी वर्षाचा आरंभ फाल्गुन-चैत्रांत होतो. मार्च-एप्रिलांत पहांटे मोहफुलें गळतात आणि घरांतील म्हातारीपासून पोरापर्यंत सर्वजण टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. फूल वाळवावें, कांहीं घरीं ठेवावें, बाकीचें बाजारीं न्यावें असा क्रम. या सुमारास लग्नसराई असते, कापडचोपड घ्यावयाचें असतें, मागील देणेंही फेडावयाचें असतें. म्हणून जें फूल घरीं राहावें तेंही बाजारांत जातें. सगळा मुलूख एकाच पंधरवड्यांत एकच जिन्नस विकावयास बसला म्हणजे भाव काय होणार हें सांगावयास अर्थशास्त्री नको. मागोमाग चारोळी येते, पुढें मोहाच्याच बिया येतात. सर्वांची गत तीच.

वैशाखांत तेंदूचा हंगाम. तत्पूर्वीं झुडपांची छाटणी झालेली असते. मे महिन्यांत कोंवळें पान फुटतें तें दोन-तीन आठवड्यांच्या आंत तोडून, मोजून, पुडे बांधून, फळीवर नेऊन वाळवावें लागतें. या प्रांतीं सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांचा एक मानक बोरा. म्हणजे एका बोऱ्यामागें सत्तर हजार वेळां कोणाची तरी बोटें त्या झाडाला लागलेलीं असतात. अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेलें पान काळें पडतें आणि श्रम मातीस मिळतात. हें पान पोत्यांत भरून धानोऱ्याबाहेर जातें तें गोंदिया-भंडाऱ्याकडे, तेलंगणाकडे, बंगालकडे, जेथें जेथें विड्या वळल्या जातात तेथें तेथें. वर्षभरांत रोख पैशाचा जो एक मोठा लोंढा या तालुक्यांत येतो तो हाच. आणि वर्षभरांत एकाच खरेदीदारावर सर्वस्वीं अवलंबून राहण्याची जी पाळी येते तीही हीच.

मृग लागला कीं वहीची बाजू पालटते. आतां निर्यात थांबते आणि आयात सुरू होते: बियाणें, खत, औषध, प्लास्टिकचें कापड, अवजारांचें लोखंड. आषाढ-श्रावण-भाद्रपद हे या देशाच्या तुटीचे महिने. कणगी तळाला जाते, ओढे-नाले भरून वाटा तुटतात, आणि हिंवतापानें घरांत कोणी आडवें पडलें तर दवाखान्याचा खर्च येतो. मीठ, तेल, डाळ, कांदे, बटाटे, सुकी मासळी सर्व बाहेरचें. याच दिवसांत कित्येक घरांवर अशी वेळ येते, कीं चैत्रांत स्वतःच विकलेलें मोहफूल व्यापाऱ्याकडून चढत्या भावानें परत घ्यावें. या एका वाक्यांत सर्व दुखणें सांठलेलें आहे. माल तोच, झाड तेंच, हात तेच. मध्यें फक्त चार महिने आणि एक गोदाम. त्या चार महिन्यांचें भाडें गोदामवाला घेतो आणि झाडवाला देतो. सरकारला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. सन १९७२ सालीं आदिवासी विकास महामंडळ निघालें, सन १९७६ च्या कायद्यानें आदिवासींच्या मालाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि पावसाळ्याच्या अडचणीकरितां खावटी कर्जाची योजनाही आली. ‘खावटी’ हा शब्दच पुरेसा बोलका आहे. जो देश स्वतःचें अन्न पिकवतो त्याला खाण्यासाठीं कर्ज काढावें लागतें, याचा अर्थ त्याच्या व्यापाराचे महिने उलटे पडले आहेत.

आश्विन-कार्तिकांत हलका धान येतो, मार्गशीर्ष-पौषांत भारी धान. खरेदी केंद्रांवर बैलगाड्या व ट्रॅक्टर लागतात. येथें आणखी एक चमत्कार दृष्टीस पडतो. धान तालुक्याबाहेर जातो, गिरणींत भरडला जातो, सरकारी गोदामांत जातो, आणि कांहीं महिन्यांनीं शिधावाटपाच्या दुकानांतून तांदूळ होऊन परत येतो. सन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें हा तांदूळ गरिबाच्या ताटांत पडतो ही मोठीच गोष्ट आहे. तिला आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु कोंडा, कणी, तूस आणि भरडाईची मजुरी हीं सर्व बाहेरच राहिलीं, हेंही वहींत लिहिलें पाहिजे. हिंवाळ्यांत बांबूची तोड चालते, हिरडा-बेहडा-आवळा गोळा होतो. आणि माघ-फाल्गुनांत या देशाची एक निराळीच निर्यात होते, ती माणसांची. जिल्ह्यांतील हजारों मजूर, बायकापोरांसह, मिरची तोडण्यास तेलंगणांत जातात. सन २०२० च्या टाळेबंदींत हे लोक शेंकडो मैल पायीं परत आले तेव्हां कोठें शहरांतील लोकांस ही निर्यात दिसली. ती दरवर्षीं होतच होती.

असा हा बारा महिन्यांचा पट. यांत तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, जें जातें तें कच्चें आणि जें येतें तें पक्कें. दुसरी, विकण्याचे महिने आणि विकत घेण्याचे महिने वेगळे. विकतांना भाव पडलेला, घेतांना चढलेला. तिसरी, विकणारे हजारों आणि घेणारे मोजके. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जमीन कितीही संपन्न असो, घरांत लक्ष्मी टिकत नाहीं.

हें दुखणें धानोऱ्याचें एकट्याचें नव्हे. एके काळीं तें सबंध हिंदुस्थानचें होतें. दादाभाई नौरोजींनीं आयुष्यभर सरकारी आंकडेच हातीं घेऊन दाखवून दिलें, कीं या देशांतून जो माल जातो त्याचा पुरता मोबदला परत येत नाहीं. सन १९०१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ म्हणजे एका राष्ट्राचा जमाखर्चच होय. न्यायमूर्ति रानड्यांनीं तर सांगितलें, कीं केवळ शेतीवर आणि कच्च्या मालावर जगणारें राष्ट्र कधींही सबळ होत नाहीं. आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे याचा अनुभव घरचाच आहे. अमेरिकेंत सन १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या इकडे वळल्या आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुनः बाजारांत आला, आणि भाव कोसळले. सन १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली तेव्हां तेजी ओसरली होती. कर्ज मात्र राहिलें होतें. पुढें सन १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं जगाचे आंकडे पाहून हाच सिद्धांत मांडला, कीं काळाच्या ओघांत कच्च्या मालाचा भाव पक्क्या मालाच्या मानानें घसरत जातो. दादाभाईंच्या वाचकांस त्यांत नवल वाटलें नसतें.

आतां कायद्याकडे वळूं, कारण धानोऱ्याच्या वहीचीं पानें कायद्यानेंच लिहिलीं आहेत. सन १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें बांबूला झाडांत गणलें. वनस्पतिशास्त्र त्यास गवत म्हणतें. पण कायद्यानें झाड म्हटल्यावर त्याचा मालक सरकार झाला. मग हा बांबू लांब मुदतीच्या पट्ट्यांनीं कागदाच्या गिरणीकडे जाऊं लागला. आणि ज्या गांवाच्या शिवारांत तो उगवे त्या गांवच्या माणसास टोपलीपुरता बांबू आणावयाचा तर परवानगी. तेंदूपानाचा व्यापार सन १९६९ च्या राज्य कायद्यानें सरकारच्या हातीं आला. पान तोडणारा मजूर झाला आणि पान सरकारचें. मोहफुलावर दारूबंदीच्या कायद्याची करडी नजर. थोडक्यांत, ज्याच्या अंगणांत माल, त्याच्या हातीं त्याची विक्री नाहीं, अशी स्थिति होती.

ही स्थिति मोडण्याचें काम धानोऱ्याच्याच एका गांवानें केलें, हें या तालुक्याला भूषणावह आहे. धानोऱ्यापासून अगदीं जवळ मेंढा (लेखा) हें लहानसें गोंड गांव आहे. सन १९८४ च्या सुमारास इंचमपल्ली व भोपालपट्टणम् येथील धरणांच्या विरोधांत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उठली, तींतून या गांवाचा विचार जागा झाला. गांवाचें सरकार गांवांतच, निर्णय बहुमतानें नव्हे तर सर्वसहमतीनें, आणि निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत बसून अभ्यास, अशी तेथील रीत. देवाजी तोफा हे त्या गांवचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासांतील सहकारी. यांपैकीं मोहनभाई सन २०२५ सालीं निवर्तले. सन १९९६ सालीं पेसा कायदा झाला. सन १९९७ सालीं गौण वनोपजाची मालकी ग्रामपंचायतींकडे व ग्रामसभांकडे देणारा राज्य कायदा झाला. परंतु कागदावरील मालकी कागदावरच राहिली. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें मात्र बांबू आणि तेंदूपान हीं स्पष्ट शब्दांत गौण वनोपजांत घातलीं. त्या कायद्याखालीं सन २००९ सालीं मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेला सुमारें अठराशें हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला.

हक्क मिळाला, पण माल जाईना! कारण बांबू सडकेवरून न्यावयाचा तर वाहतूक-पास पाहिजे, आणि पासाचें पुस्तक वनखात्याच्या कपाटांत. विकण्याचा हक्क तुझा, नेण्याचा परवाना माझा, असा हा न्याय होता. अखेर सन २०११ च्या मार्चांत केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस लिहिलें, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यास आले व पासाचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. सन २०१२ च्या नियमांनीं तर पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचाच ठरला. एका गांवाच्या हातीं त्याच्या स्वतःच्या निर्यातीचा परवाना आला तो दिवस आम्ही लहान समजत नाहीं. देशाला स्वतःचें जकातखातें मिळणें आणि गांवाला स्वतःचें पासबुक मिळणें यांत जातीचा फरक नाहीं, आकाराचा आहे.

तथापि आमचा धंदा वकिलीचा. त्यामुळें एक गोष्ट आम्हांस नित्य दिसते. पक्षकार हुकूमनामा घेऊन हर्षानें घरीं जातो आणि समजतो कीं पैसे मिळाले. वास्तविक दावा जिंकला एवढेंच झालेलें असतें. दरखास्त पुढेंच असते, आणि खरी दमछाक दरखास्तींत होते. सामूहिक वनहक्क हा हुकूमनामा आहे. त्याची दरखास्त म्हणजे व्यापार. ती अद्याप पुरी झालेली नाहीं.

हें सन २०१७ व २०१८ या दोन तेंदूहंगामांनीं चांगलेंच शिकविलें. जिल्ह्यांतील ग्रामसभा स्वतः लिलांव करूं लागल्या होत्या. सन २०१७ च्या हंगामांत ठेकेदारांनीं एकमेकांवर चढाओढ करून भाव आभाळास भिडविले. गांवोगांवीं आनंद झाला. त्याच वर्षीं १ जुलैपासून वस्तु व सेवा कर आला. त्यांत विडीवर अठ्ठावीस टक्के आणि तेंदूपानावर अठरा टक्के कर बसला. सन २०१८ उजाडलें तेव्हां ठेकेदारांनीं हात आंखडले, भाव कोसळले, आणि कित्येक ग्रामसभांना गिऱ्हाईकच मिळेना. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास दीडशें वर्षांनीं दंडकारण्यांत पुनः घडला. तेथें अमेरिकेंतील युद्धाचा शेवट, येथें दिल्लींतील कर. पण दोन्हीं ठिकाणीं भाव ठरविणारी गोष्ट माल पिकविणाऱ्याच्या दृष्टीपलीकडे घडली. पुढें सन २०२५ च्या सप्टेंबरांत कर परिषदेनें पानावरील कर पांच टक्क्यांवर आणण्याचें ठरविलें. ठीकच झालें, परंतु जो कर दिल्लीच्या एका बैठकींत उतरतो तो दुसऱ्या बैठकींत चढूंही शकतो, हें ग्रामसभांनीं विसरूं नये.

बांबूची कथा याहून बोधप्रद आहे. उदबत्तीची काडी बांबूची असते, आणि उदबत्तीचा जेवढा खप या धर्मशील देशांत आहे तेवढा क्वचितच अन्यत्र असेल. असें असतां आमच्या देवघरांत जळणारी उदबत्ती कित्येक वर्षें व्हिएतनाम आणि चीन येथून आलेल्या काडीवर वळली जात होती. बांबूचें रान घरीं, आणि काडी समुद्रापलीकडून! अखेर सन २०१९ सालीं सरकारनें उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि सन २०२० च्या जूनमध्यें काडीवरील आयातकर दहा टक्क्यांवरून पंचवीस टक्के केला. कर बसविल्यानें परकी काडी महाग होईल हें खरें. परंतु स्वदेशी काडी कर बसविल्यानें तयार होत नाहीं. ती तासावी लागते. तिला यंत्र लागतें, वीज लागते, शिकलेला हात लागतो, आणि महिनोन्महिने एकसारख्या जाडीचा माल पुरविण्याची शिस्त लागते. गडचिरोलींत वनखात्यानें स्त्रियांच्या गटांकडून उदबत्त्या करविण्याचा प्रयोग केला, चंद्रपुराजवळ चिचपल्ली येथें बांबूच्या शिक्षणाची संस्थाही निघाली. दिशा बरोबर आहे. पण धानोऱ्याच्या वहींत बांबूच्या नांवासमोर अद्याप ट्रकांची संख्याच मोठी दिसते, काडीचीं बंडलें दिसत नाहींत.

लोखंडाविषयीं दोन शब्द. चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याच्या लोहखनिजाचें वर्णन करणारा रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल सन १८८२ सालचा. तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनांत पोलादाच्या कारखान्याची कल्पना आली. कोळसा जुळला नाहीं म्हणून तो कारखाना पुढें साकचीस गेला. जमशेदपूर झालें आणि चांदा रानच राहिला. आज एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगराचें खनिज निघत आहे आणि चामोर्शी तालुक्यांत कोनसरीस कारखाना उभा झाला आहे. खनिज जिल्ह्यांतच पक्कें व्हावें हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. इंडोनेशियानें सन २०२० पासून कच्च्या निकेल-खनिजाची निर्यात बंद केली ती याच तत्त्वावर. परंतु मोहाचें झाड दरवर्षीं फुलतें आणि डोंगर एकदांच फुलतो. खाणीचें उत्पन्न हें व्याज नसून मुद्दल आहे. ज्या देशानें मुद्दल विकून रोजखर्च चालविला, त्याच्या नातवांच्या वहींत केवळ खर्चाचीच बाजू उरते.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, तुम्ही तेंदूपानाचा कैवार घेतां. पण पानाची विडी होते आणि विडीनें फुफ्फुसें जळतात. हें सर्वथा खरें आहे. म्हणूनच आमचें म्हणणें असें, कीं ज्या जिनसाचा खप उद्यां कमी होणें हेंच लोकहिताचें आहे, त्याच्यावर तालुक्याची सर्व रोकड टांगून ठेवणें हें दुहेरी अविचाराचें होय. तेंदूचा पैसा येतो आहे तोंवर त्यांतून दुसरा धंदा उभा करावा. पान संपल्यावर विचार करूं म्हणणारा आंधळ्यापुढें दिवा धरतो. दुसरा कोणी म्हणेल, ग्रामसभांच्या हातीं एवढा पैसा दिला तर त्याचा हिशेब कोण देणार? हा आक्षेप शहरांतून फार ऐकूं येतो. हिशेबांत घोटाळे गांवांत होऊं शकतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तेवढ्यावरून मालकी काढून घ्यावयाची तर शहरांतील किती संस्था मालकीस पात्र उरतील? घोटाळ्यावर उपाय मालकी काढणें हा नसून वही उघडी ठेवणें हा आहे. तिसरा कोणी म्हणेल, तुम्ही धानोऱ्याभोंवतीं भिंत बांधावयास सांगतां. मुळींच नाहीं. पूर्वीं बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ घेऊन या मध्यप्रांतांत येत आणि धान्य घेऊन जात. व्यापार तेव्हांही होता, पुढेंही राहील. देवाणघेवाण नको असें आम्ही म्हणत नाहीं. देवाणघेवाणींत देणारानें डोळे मिटूं नयेत एवढेंच म्हणतों.

मग करावें काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें पांच गोष्टी कराव्या.

एक, प्रत्येक ग्रामसभेनें दरमहा आयात-निर्यातीची वही ठेवावी. गांवांतून किती बोरे पान, किती पायली मोहफूल, किती बांबू, किती धान गेला, कोणत्या भावानें गेला. आणि गांवांत तेल, मीठ, कापड, खत, औषध किती आलें. शाळेंतील मोठीं मुलें हें काम सहज करतील. तालुक्याचा एकत्रित तक्ता दर महिन्यास तहसील कचेरीच्या व प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. दिल्लीच्या आंकड्यांत जशी तूट दिसते तशी येथेंही दिसेल, आणि दिसली म्हणजेच बुजविण्याची बुद्धि होईल.

दोन, मोहफूल व धान यांच्यासाठीं गांवगोदामें आणि त्यांतील मालावर उचल. चैत्रांतील गरज आणि श्रावणांतील भाव यांच्यामध्यें जो चार महिन्यांचा पूल आहे तो सावकारानें बांधला आहे. तो सहकारानें बांधावा. खावटीला जो पैसा आजवर गेला, त्याचा कांहीं भाग गोदामांत गेला असता तर खावटीचीच गरज कमी झाली असती.

तीन, तेंदूच्या विक्रींत ग्रामसभांनीं एकेकट्यानें उभें राहूं नये. शेजारच्या कोरची तालुक्यांतील ग्रामसभांनीं महाग्रामसभा उभारली आहे. धानोऱ्यानेंही आपलें बळ तसेंच एकवटावें. आणि करारावर अंगठा वा सही करण्यापूर्वीं चार कलमें पाहावीं: अनामत रक्कम आगाऊ भरली आहे काय, पान उचलण्यापूर्वीं किती हप्ता मिळणार, पाऊस आल्यास नुकसान कोणाचें, आणि ठेकेदार मुदतींत न आल्यास माल दुसऱ्यास विकण्याचा अधिकार लिहिला आहे काय. यांपैकीं एकही कलम नसेल तर तो करार नव्हे, ती केवळ आशा होय.

चार, भरडाई, तेलघाणा, काडी, पत्रावळ, चारोळी फोडणें, हीं लहान कामें तालुक्यांतच व्हावीं. मोठ्या कारखान्याची वाट पाहत बसूं नये. पोत्याऐवजीं डबा बाहेर जाऊं लागला तरी निर्यातीची जात बदलली म्हणावयाची.

पांच, सरकारनें दळणवळणाची बाजू सांभाळावी. गडचिरोली जिल्ह्याला आगगाडी म्हणजे बहुतेक वडसा स्टेशनच. तेथून गडचिरोलीपर्यंतच्या मार्गाची वाट जिल्हा कित्येक वर्षें पाहत आला आहे. पण ती गाडी कच्चा माल लवकर नेण्यासाठींच आली, तर वऱ्हाडच्या कापसाच्या गाडीहून ती निराळी होणार नाहीं. गाडीपूर्वीं गोदाम, आणि गोदामापूर्वीं वही, असा आमचा क्रम आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांना धानोरा कोठें आहे हेंही ठाऊक नसेल. त्यांच्या घरीं मात्र धानोरा पोंचलेला असतो: मिठाईवरील चारोळींत, वहीच्या कागदांत, देवापुढील काडींत, टपरीवरच्या विडींत. जो माल आपल्या घरीं आला त्याचें मोल देणाऱ्याच्या घरीं पोंचलें कीं नाहीं, हें विचारणें हा घेणाराचाही धर्म आहे. मेंढ्याच्या गांवकऱ्यांनीं आपलें जंगल मागून घेतलें, नंतर आपलें पासाचें पुस्तक मागून घेतलें. दोन्हीं मागण्या त्या त्या वेळीं शहाण्यांना वेड्यासारख्या वाटल्या होत्या. आतां तिसरें पुस्तक उघडावयाचें आहे, आणि तें कोणा मंत्र्याकडून मागावयास नको. एक वही, एक पेन्सिल आणि दर महिन्याची एक संध्याकाळ एवढ्यावर तें सुरू होतें. येता तेंदूहंगाम लागण्यापूर्वीं धानोरा तालुक्यांतील निदान दहा ग्रामसभांनीं तरी ही वही सुरू करावी, आणि तिच्यांतील पहिल्या महिन्याचा हिशेब आमच्याकडे धाडावा. दिल्लीच्या आंकड्यांना आम्ही जी जागा देतों तीच त्यासही देऊं.